अपिलाचे तीस दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत विहार समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या विहाराचा वर्धापनदिन. सकाळी धम्मध्वज फडकला, त्रिसरण-पंचशील झाले, मुलांची भाषणे झाली. अशा आनंदाच्या दिवशी आम्ही कोर्ट, तुरुंग आणि शिक्षा हा विषय घेऊन उभे आहोत, याचे काही जणांना आश्चर्य वाटेल. दरवर्षी आम्ही शिक्षणावर किंवा व्यसनमुक्तीवर बोलतो. यंदा समितीच्या बैठकीत ठरलं, की जी गोष्ट आपल्या वस्तीत घडली, जिच्यात आमचंही चुकलं, ती आपल्या माणसांसमोर सांगायची. लपवून ठेवली तर पुढच्या घराला तिचा उपयोग नाही.

गोष्ट एका आईची आहे. नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि ओळखून गप्प राहतील अशी आमची विनंती आहे.

एका पौर्णिमेला वंदना आटोपली, खीर वाटून झाली, सगळे घरी गेले. ती बाई मात्र दाराशी थांबली. म्हणाली, "दादा, पोराला दोन वर्षं झाली. काही करता येतं का बघा." पोरगं वीस वर्षांचं. आयटीआयला शिकणारं. हळदीच्या रात्री नाचण्यावरून बाचाबाची झाली, त्याने हातातली काठी मारली आणि दुसऱ्या मुलाचा हात दोन ठिकाणी मोडला. केस उभी राहिली. जामिनावर होता. मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हो साहेब, मारलं. चुकलं." साहेबांनी गंभीर दुखापतीबद्दल दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाच हजार रुपये दंड सुनावला. पोरगं तिथूनच तुरुंगात गेलं.

आणि आम्ही त्या आईला काय सांगितलं? आम्ही म्हणालो, "वहिनी, त्याने स्वतःच कबूल केलंय. आता अपील कसलं? भोगू द्या." आमच्यापैकी एक जण तर असंही बोलला, की विहार हा गुन्हेगारांना सोडवण्याचा अड्डा नाही. ती बाई काही न बोलता चप्पल घालून निघून गेली. शिक्षा होऊन त्या दिवशी नववा दिवस होता.

आम्ही तसं का बोललो, तेही सांगितलं पाहिजे. ज्या मुलाचा हात मोडला तोसुद्धा आपलाच. त्याची आई याच सभागृहात, याच सतरंजीवर बसते. एकीला मदत केली तर दुसरीला तोंड कसं दाखवायचं, ही खरी भीती होती. पण भीतीला आम्ही तत्त्वाचं नाव दिलं. बांधवहो, ही पहिली चूक.

दुसरी चूक अज्ञानाची. ती कशी लक्षात आली, तर आमच्यातले एक सदस्य कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले आहेत. ते त्या महिन्यात गावी होते. परत आल्यावर त्यांनी ही हकीकत ऐकली आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, "अहो, गुन्हा कबूल केला म्हणून दोषी ठरण्याविरुद्ध अपील नाही, हे बरोबर. पण शिक्षा किती दिली, ती कायद्यात बसते का, यावर अपील आहे. कायद्यातच लिहिलंय." आम्ही धावत त्या बाईच्या घरी गेलो. तेव्हा अडतिसावा दिवस होता. अपिलाची मुदत होती तीस दिवसांची.

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबून इतिहासाकडे बघू या. आपण सम्राट अशोकाचा जयजयकार करतो. त्याचं चक्र राष्ट्रध्वजावर आहे. पण त्याने दगडावर कोरून काय लिहिलं, ते आपण किती जण वाचतो? त्याच्या स्तंभांवरच्या चौथ्या लेखात एक आज्ञा आहे. ज्यांना मृत्युदंड झाला आहे अशा कैद्यांना तीन दिवसांची सवड द्यावी, म्हणजे त्यांच्या नातलगांना अधिकाऱ्यांकडे त्यांच्या जिवासाठी विनवणी करता येईल. त्याच लेखात तो म्हणतो, की न्यायाच्या कामकाजात समता असावी आणि दंडातही समता असावी. म्हणजे एकाला एक शिक्षा आणि तशाच दुसऱ्याला भलतीच, असं होऊ नये. पाचव्या स्तंभलेखात नोंद आहे, की राज्याभिषेकापासून सव्वीस वर्षांत त्याने पंचवीस वेळा कैद्यांना मुक्त केलं.

हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. अशोकाने मृत्युदंड बंद केला नव्हता, हे खरं. पण शिक्षा झाली की विषय संपला, असं त्याने मानलं नाही. शिक्षा झाल्यावरही नातलगांना बोलायला जागा असली पाहिजे, हे त्या बौद्ध राजाला कळलं होतं. आणि आम्ही बौद्ध विहाराची समिती, आम्ही एका आईला दारातून परत पाठवलं.

आता आपल्या काळाकडे येऊ. परमपूज्य बाबासाहेब हे घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण ते वकील होते, १९२३ पासून त्यांनी मुंबईत वकिली केली, गरिबांच्या केसेस चालवल्या, हे आपण विसरतो. कोर्टात हरलेल्या माणसाच्या घरी काय होतं, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी फौजदारी अपिलांचा विषय निघाला. फाशी झालेल्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलाचा हक्क असावा का, यावर चर्चा होती. तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं, की फाशीच्या अपिलाची सोय करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने आपण जाऊ, कारण हा देश अहिंसेचं तत्त्व मानणारा आहे. तसं झालं नाही, ती गोष्ट वेगळी. पण शिक्षेचं माप किती असावं, हा प्रश्न त्यांना किती जवळचा होता, हे यावरून दिसतं.

कोर्टात दोन प्रश्न असतात, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. पहिला, याने गुन्हा केला की नाही? दुसरा, केला असेल तर शिक्षा किती? आपली माणसं पहिल्याच प्रश्नात अडकतात. दुसरा प्रश्न आला, की वकीलसुद्धा "दया करावी साहेब" एवढं म्हणून खाली बसतो. वास्तविक अशा खटल्यात शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती कायम आहे. वय काय, शिक्षण चालू आहे का, घरात कमावतं कोण, आधी काही गुन्हा आहे का, नुकसान भरून द्यायची तयारी आहे का, हे सगळं त्या वेळी कागदासह सांगायचं असतं. आमच्या प्रकरणात काहीच सांगितलं गेलं नाही. मुलाच्या शाळेचा दाखला आईच्या पेटीत होता, तो पेटीतच राहिला.

आता या प्रकरणात फिरताना जे गैरसमज आम्हाला भेटले, आमचे स्वतःचेही त्यात आले, ते एकेक सांगतो. आयांनो, हे लक्ष देऊन ऐका, कारण वेळ आली की वकिलाच्या आधी धावपळ तुम्हालाच करावी लागते.

पहिला गैरसमज, गुन्हा कबूल केला म्हणजे दार बंद. सांगितलंच, तसं नाही. मॅजिस्ट्रेट किंवा सत्र न्यायालयाने कबुलीवरून दोषी ठरवलं असेल, तरी शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्या मुद्द्यावर अपील चालतं. फक्त अगदी किरकोळ शिक्षा असेल, उदाहरणार्थ मॅजिस्ट्रेटने केलेला शंभर रुपयांपर्यंतचा दंड, तर अपील नाही.

दुसरा गैरसमज, अपील केलं तर साहेब चिडून शिक्षा वाढवतील. पुष्कळ घरं या भीतीने गप्प बसतात. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, तशीच ठेवू शकतं, पण वाढवू शकत नाही. वाढवून हवी असेल तर शासनाला वेगळं अपील करावं लागतं, आणि त्यातही आरोपीला उत्तर द्यायची संधी मिळते. एवढंच नाही, तर त्या वेळी आरोपी आपली शिक्षा कमी करा, असंही म्हणू शकतो.

तिसरा गैरसमज, अपील म्हणजे पैसा. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ सालचा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून लागू आहेत. पण ज्याचा दाखला निघालेला नाही, त्यानेही काळजी करू नये; तुरुंगात असणं एवढंच पुरेसं आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात या समितीची कचेरी असते. १५१०० हा फोन नंबर विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे, तो पुसू नका.

चौथा गैरसमज, तुरुंगातून अपील कसं करणार? कैद्याने आपला अर्ज आणि निकालाची नक्कल तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे द्यायची, त्यांनी ती अपिलाच्या कोर्टाकडे पाठवायची, असा कायदा आहे. आणि नक्कल? ज्याला कैदेची शिक्षा होते त्याला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट मिळाली पाहिजे.

या नकलेच्या हक्कामागे एक महाराष्ट्राचाच खटला आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १९७८ सालचा. बनावट पदवी प्रमाणपत्रांचं प्रकरण होतं. सत्र न्यायालयाने दोषी धरून कोर्ट उठेपर्यंत बसण्याची नाममात्र कैद आणि दंड दिला. शासन शिक्षा वाढवून मागायला उच्च न्यायालयात गेलं आणि १९७३ साली ती तीन वर्षे झाली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून जास्त उशिराने. त्याचं म्हणणं, निकालाची प्रतच हाती आली नाही. प्रत तुरुंगाकडे गेली होती, पण कैद्याला मिळाल्याची त्याची सही काही दाखवता आली नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज गुणदोषावर फेटाळला. शिकलेल्या माणसाने पदव्यांचा खोटा धंदा करावा, याबद्दल त्यांना दयामाया वाटली नाही. पण त्याच निकालात त्यांनी घालून दिलं, की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य, वेळेत आणि लेखी पोच घेऊन मिळाली पाहिजे, आणि वकील करायची ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील दिला पाहिजे. तो माणूस हरला. पण आज तुमचा-आमचा पोरगा तुरुंगातून अपील करतो, ते या निकालाच्या आधाराने.

पाचवा गैरसमज मुदतीचा, आणि तो दोन्हीकडून आहे. काही म्हणतात, अजून वेळ आहे, पगार झाल्यावर बघू. काही म्हणतात, मुदत गेली, आता उपयोग नाही. दोन्ही चूक. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला तीस दिवस. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस. फाशी झाली असेल तर तिथेही तीसच. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. मुदत टळली तरी खरं आणि पटण्यासारखं कारण दिलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण उशीर माफ करणं हे कोर्टाच्या मनावर, मुदतीत जाणं हा आपला हक्क. हक्क हातात असताना मेहेरबानी का मागायची?

आता पुढे काय झालं ते सांगतो.

अडतिसाव्या दिवशी आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. तिने आम्हाला पाणी दिलं. एक शब्द टाकून बोलली नाही. आम्हीच म्हणालो, "वहिनी, आमचं चुकलं. कागद असतील ते द्या." निकालाची प्रत मुलाकडेच होती, तुरुंगात, पिशवीत घडी करून ठेवलेली. तो काय आहे ते त्याला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. विधी सेवा समितीने एक तरुण वकीलबाई दिल्या. शेहेचाळिसाव्या दिवशी अपील दाखल झालं, सोबत उशीर माफीचा अर्ज. त्या अर्जात आम्ही खरं तेच लिहून दिलं, की घरच्यांना चुकीचा सल्ला मिळाला. सल्ला देणारे आम्हीच होतो, हेही शपथपत्रात आलं. लाज वाटली, पण खोटं कारण लिहिण्यापेक्षा बरं.

उशीर माफ झाला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मिळाला. पोरगं अडीच महिने आत काढून बाहेर आलं. वकीलबाईंनी तेव्हा एक गोष्ट सांगितली ती मनाला फार लागली. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करायचं आहे असं सांगून शिक्षा देणाऱ्या त्याच कोर्टाकडून अपिलापुरता जामीन मिळू शकतो. त्याच दिवशी, त्याच टेबलावर. कोणी एक अर्ज दिला असता तर ते पोरगं कदाचित एक रात्रही आत गेलं नसतं. त्या अडीच महिन्यांत त्याची आयटीआयची परीक्षा बुडाली. त्यातले नवव्या दिवसापासून अडतिसाव्या दिवसापर्यंतचे दिवस आमच्या नावावर आहेत.

अपिलात मुख्य मुद्दा होता १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा. याला लोक प्रोबेशनचा कायदा म्हणतात. त्यातलं कलम सहा असं सांगतं, की एकवीस वर्षांखालच्या तरुणाला, जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात, तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचार केला पाहिजे. आणि तरीही तुरुंगच योग्य वाटला तर त्याची कारणं लिहिली पाहिजेत. इथे ना अहवाल मागवला होता, ना कारणं लिहिली होती. अपील चालेपर्यंत मुलाला एकवीस पूर्ण झाली. सरकारी वकील म्हणाले, आता तो एकवीसच्या आत नाही. पण खालच्या कोर्टाने शिक्षा दिली त्या दिवशीचं वय धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच ठरवलेलं आहे. इथे पेटीतला शाळेचा दाखला कामी आला.

अहवाल मागवला गेला. अधिकारी वस्तीत आले, शेजाऱ्यांना भेटले, आयटीआयच्या गुरुजींना भेटले. आणि ज्याचा हात मोडला त्याच्या घरीही गेले.

त्या घराबद्दल सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होत नाही. आम्ही त्या मुलाच्या आईकडे आधी गेलो होतो. "अर्ज मागे घ्या" किंवा "माफ करा" असं आम्ही म्हणालो नाही. तसं म्हणायचा आम्हाला अधिकार नव्हता. आम्ही फक्त सांगितलं, की आम्ही अपिलाला मदत करतोय, हे तुमच्या पाठीमागे करायचं नाही. त्या माउलीने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. म्हणाली, "माझ्या पोराच्या हातात अजून सळई आहे. थंडीत दुखतो. तो लोडिंगच्या कामावर जायचा, ते काम गेलं. त्याच्यासाठी विहारातून कोण आलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. कोणीच गेलं नव्हतं.

सत्र न्यायालयाचा निकाल लागला तो असा. दोषी ठरवणं कायम. दोन वर्षांची सक्तमजुरी रद्द. दोन वर्षे चांगल्या वर्तणुकीचा बाँड, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख, आणि जखमी मुलाला तीस हजार रुपये भरपाई. भरपाईचा अधिकार त्याच कायद्यात आहे. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. या कायद्याखाली अशा रीतीने सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी कायद्याची अपात्रता लागत नाही, असं कलम बारा म्हणतं. नोंद पुसली जात नाही, ती विचारली तर खरी सांगावी लागते. पण आयुष्याचा दरवाजा बंद होत नाही.

तीस हजार रुपये त्या बाईने भिशी मोडून आणि कानातलं गहाण ठेवून भरले. त्यानंतर आम्ही समितीत ठरवलं आणि जखमी मुलाच्या पुढच्या औषधपाण्याला वर्गणी काढली. उशिरा सुचलं, पण सुचलं. दोन्ही आया आज इथे आहेत. शेजारी बसलेल्या नाहीत. त्या बसल्या पाहिजेत असा आमचा आग्रहही नाही. दोघी एकाच छताखाली वंदनेला येतात, एवढं आम्हाला पुरे आहे.

आता कोणी म्हणेल, आपण नेहमी आरोपीच्याच बाजूने का बोलायचं? आपला समाज तर बहुतेक वेळा मार खाणाऱ्याच्या बाजूला असतो. बरोबर आहे. शिक्षेच्या मापाचा प्रश्न तिथेही असतो, आणि तिथे तो जास्त कडू असतो.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना मारून टाकलं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद ठरवली. ॲट्रॉसिटीचा कायदा खालच्याही न्यायालयाने लागू धरला नाही, वरच्याही नाही. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांत राग होता. आमच्यातले काही फाशी रद्द झाली म्हणून रागावले. काही म्हणाले, फाशी हवी की नको हा वेगळा प्रश्न, पण हे जातीमुळे घडलं हे निकालात यायला पाहिजे होतं. आम्हाला आज हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. बाबासाहेब फाशीच्या बाजूचे नव्हते, हे मघाशी सांगितलं. पण गुन्ह्याला त्याचं खरं नाव मिळालं पाहिजे, हे मागणं सूड नव्हे.

अशा वेळी आपल्या हातात काय असतं? पीडितांना अपिलाचा हक्क २००९ च्या दुरुस्तीने मिळाला. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी धरला, किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडित अपील करू शकतो. पण शिक्षाच कमी झाली, एवढ्याच कारणावर पीडिताला अपील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं आहे. ते अपील शासनाने करायचं असतं. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सरकारी वकील आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज गेला पाहिजे, पोच घेतली पाहिजे, नुसत्या घोषणांनी मुदत थांबत नाही. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून आणखी एक हक्क लागू आहे. आरोपीचा जामीन असो, सुटका असो, शिक्षा असो, प्रत्येक वेळी पीडिताला आपलं म्हणणं मांडता येतं, लेखीही देता येतं. हा हक्क किती कुटुंबांनी वापरला? कोर्टाच्या बाहेर मोर्चा काढायला आपण दोन हजार जमतो. आत, शिक्षेच्या दिवशी, पीडिताच्या शेजारी दोन माणसं असतात का?

आणि जन्मठेपेबद्दलही एक गैरसमज दूर करू या. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, दिवस-रात्र वेगळे मोजून सात वर्षे, असं अजून लोक बोलतात. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. त्यातून सूट देणं हा शासनाचा अधिकार आहे, कैद्याचा आपोआप हक्क नाही. फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर किमान चौदा वर्षे भोगावीच लागतात. हे आरोपीच्या घरालाही माहीत हवं आणि पीडिताच्या घरालाही.

शेवटी धम्माकडे येतो. अंगुलिमालाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिचा शेवट आपण सांगत नाही. राजा प्रसेनजित त्याला पकडायला पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला होता. तथागतांनी त्याला विचारलं, तो बदललेला दिसला तर काय कराल? राजा म्हणाला, वंदन करू. इथपर्यंत आपण सांगतो. पुढे अंगुलिमाल भिक्षेला गेला, तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोकं फुटलं, चीवर फाटलं, रक्त वाहत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला सांगितलं, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. म्हणजे बदलायची वाट खुली ठेवली, आणि केल्याचा जाबही पुसला नाही. दोन्ही एकदम. आम्हाला वाटतं, शिक्षेच्या अपिलाचा अर्थ हाच आहे. गुन्हा नाकारायचा नाही. माप मात्र योग्य हवं.

म्हणून आजपासून समितीने काही ठराव केले आहेत. वस्तीतल्या कोणालाही शिक्षा झाली, तर निकालाची तारीख त्याच दिवशी विहाराच्या वहीत लिहायची आणि तिच्यापुढे तीस की साठ दिवस, हे मांडायचं. तीन दिवसांत दोन सदस्य त्या घरी जातील. त्याच तीन दिवसांत दुसरे दोन सदस्य ज्याला इजा झाली त्याच्या घरी जातील. तो आपला असो, परका असो. तीनच दिवस का, तर अशोकाने तीन दिवस दिले होते, ते आम्हाला लक्षात राहावेत म्हणून. आणि आम्ही कायद्याचा सल्ला देणार नाही. तो आम्हाला येत नाही, हे सिद्ध झालं आहे. आम्ही फक्त वकिलापर्यंत पोचवू आणि कागद जमवून देऊ.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं म्हणतात. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी आहेत त्यांना ते म्हणणं परवडतं. आपल्या बापाने, बाबासाहेबांनी, ती पायरी चढूनच आपल्यासाठी वाट केली. ती चढताना आपल्या आयांना एकटं सोडू नका. आम्ही सोडलं होतं. तुम्ही सोडू नका.

सर्वांचं मंगल होवो. जयभीम! जय भारत! नमो बुद्धाय!